ट्रंकेतल्या कॅसेटी बाहेर काढा!

या पानावर मी एरवी तुमच्याशी बी-बियाणं, खत, औषध, पाणी याबद्दल बोलतो. आज गाण्याबद्दल बोलणार आहे. 'खात्याच्या माणसाला गाण्याशी काय देणंघेणं?' असं तुम्ही म्हणाल. पण लेख शेवटपर्यंत वाचा. माझ्या मते हा विषयही बियाण्याचाच आहे.

गेल्या हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. काम नेहमीचंच. ज्वारीवर मावा पडला होता, पानांवर चिकटा दिसत होता. चार रानं फिरलो, काय करायचं ते सांगितलं आणि संध्याकाळी एका वस्तीवर आगटी पेटली. हुरडा, शेंगाची चटणी, गूळ आणि गार वारा. अशा वेळी गप्पा कुठल्या कुठे जातात हे तुम्हाला सांगायला नको.

तेवढ्यात वस्तीवरचे अण्णा घरातून एक पिशवी घेऊन आले. पिशवीत एकाच स्पीकरचा जुना टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. कॅसेटवर निळ्या शाईनं लिहिलेलं, 'सप्ता, १९८९'. बाकी काही नाही. अण्णा म्हणाले, "साहेब, आमच्या थोरल्याचा आवाज हाय. आठ-दहा वर्षांत लावली नव्हती. आज ऐका."

खरखर झाली, मग पखवाजाची थाप आली, टाळ आले आणि मागून एक भरदार आवाज उठला. चोखोबांचा 'जोहार' लागला होता. आगटीभोवती बसलेली माणसं गप्प झाली. एक पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा, हळूच म्हणाला, "अण्णा, हे तर पिक्चरमधलं गाणं आहे. मोबाईलवर आहे माझ्या."

अण्णा हसले. "पिक्चरमध्ये प्लेटवरनं आलं बाबा. आन् प्लेटवर आपल्या मंगळवेढ्यातनं गेलं."

एवढं बोलून होतंय तोवर आवाज जड व्हायला लागला. थोरल्या बुवांचा सूर खाली खाली गेला, घरघरला आणि बंद पडला. फीत आत रोलरला गुंडाळली गेली होती. अण्णांचा चेहरा मला बघवेना. एवढ्या वर्षांत भावाचा आवाज त्यांच्याकडे एवढ्या एकाच कॅसेटीत उरला होता.

अण्णा म्हणाले ते खरं का?

खरंच आहे. चोखामेळा आपल्या मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम चालू असताना कुसू कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला, आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी आहे, हे वारीला जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. संत कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच. पंढरपूरच्या देवळातलं तरटीचं झाड तिच्या नावानं ओळखतात.

या कान्होपात्रेवर १९३१ साली 'संगीत कान्होपात्रा' हे नाटक रंगभूमीवर आलं. नाटककार ना. वि. कुलकर्णी, कंपनी गंधर्व नाटक मंडळी आणि कान्होपात्रेच्या भूमिकेत स्वतः बालगंधर्व. कान्होपात्रेचा वैकुंठीच्या राजाला आळवणारा अभंग आणि चोखोबांचा 'जोहार' दोन्ही त्या नाटकात होते. 'जोहार'ची चाल मास्टर कृष्णरावांची. पुढे बालगंधर्वांच्या आवाजात ही पदं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर निघाली आणि ज्यांनी नाटक कधी पाहिलं नव्हतं त्यांच्याही कानावर पडली.

बालगंधर्व १९६७ साली गेले. २०११ साली त्यांच्यावर 'बालगंधर्व' हा चित्रपट आला. त्यात त्यांची पदं आनंद भाटे यांनी गायली आणि त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पोराच्या मोबाईलवर आलं ते या वाटेनं.

आता बघा. अभंग मंगळवेढ्याचा. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवर गेला. तबकडीवर चढला. तिथून गावच्या भजनी मंडळात आला. १९८९ च्या सप्त्यात अण्णांच्या थोरल्या भावानं तो म्हटला, पण बालगंधर्वांसारखा नाही. त्यांनी ठेका बदलला, चाल जरा मोकळी केली आणि शेवटी टाळकऱ्यांना घेऊन उंच नेला. ही सगळी वाट त्या एका कॅसेटमध्ये होती, आणि ती कॅसेट आमच्यादेखत गुंडाळली गेली.

मूळ गाणं आणि पुन्हा गायलेलं गाणं

एकानं गायलेलं गाणं दुसऱ्यानं पुन्हा गाणं, याला शहरातली पोरं 'कव्हर' म्हणतात. नाव नवीन आहे, रीत जुनी. आपला आख्खा वारकरी संप्रदाय या रीतीवर उभा आहे.

सोलापूरच्या राम जोशींचंच घ्या. पेशवाईतले हे शाहीर. त्यांच्या काळात आवाज साठवायचं यंत्रच नव्हतं. मग त्यांच्या लावण्या आपल्यापर्यंत कशा आल्या? वह्या होत्या हे खरं, पण चाल वहीत राहत नाही. फडावरच्या माणसांनी एकमेकांना शिकवलं म्हणून त्या जिवंत राहिल्या. १९४७ साली राजकमलनं 'लोकशाहीर रामजोशी' चित्रपट काढला तेव्हा जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांनी तो काळ पुन्हा उभा केला. मूळ आवाज एक नाही, तरी गाणं आहे.

उलट उदाहरण भीमसेन जोशींचं. लहानपणी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली. झिंझोटी रागातली ठुमरी होती, जेमतेम तीन मिनिटांची. ती ऐकून पोराला गाण्याचं असं वेड लागलं की १९३३ साली गुरू शोधायला तो घर सोडून निघाला. शेवटी खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकला. पुढे भीमसेनांनी तीच ठुमरी स्वतः गायली, पण ती नक्कल नव्हती. बी तेच, रान वेगळं. खाँसाहेब १९३७ साली गेले. तबकडी नसती तर त्या पोराला त्यांचा आवाज कानी पडला असता का?

खाँसाहेब मिरजेत राहायचे. मिरजेची सतार आणि तानपुरा प्रसिद्ध. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या तानपुऱ्याचा भोपळा कुठून जातो? पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या भीमाकाठच्या रानातून. खाण्याचा भोपळा नव्हे, तो कडू असतो. मोठा होऊ देतात, वेलीवर पक्व झाला की उन्हात वाळवतात. म्हणजे गाण्यातला आपला वाटा केवळ टाळ्या वाजवण्याचा नाही.

तबकडीतही शेतीच आहे. मिनिटाला ७८ फेरे फिरणारी ती जुनी काळी तबकडी लाखेपासून बनायची. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचा किडा जो थर तयार करतो तीच ही लाख. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभराचा राग गवयानं तीन मिनिटांत बसवायचा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या पहिल्या तबकड्या झाल्या. तेव्हाचे गायक गाणं संपलं की शेवटी आपलं नाव मोठ्यानं सांगायचे. तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या. तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळून लेबल नीट लागावं म्हणून ही युक्ती होती. हा लेबलाचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

कॅसेटीचा जमाना

तबकडी वाड्यावर वाजायची. कॅसेट मात्र वस्तीवर पोचली. १९८० नंतर स्वस्त कॅसेटी बाजारात आल्या. एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात, टेम्पोत, हॉटेलात, सगळीकडे त्याच. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी ज्या घरात वाजली नाहीत असं घर आपल्या जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. ते २००४ साली गेले. मुलगा आनंद आणि नातू आदर्श यांच्या गळ्यात ते घराणं पुढे चाललं. जुनी गाणी नव्या आवाजात भरून विकायचाही मोठा धंदा तेव्हा झाला. रफींची गाणी सोनू निगमच्या आवाजात तुम्हीही विकत घेतली असतील. काहींना ती आवडली नाहीत, पण अनेकांना रफी कळले तेच त्या कॅसेटीमुळे.

कॅसेटीनं आणखी एक मोठी गोष्ट केली, आणि माझा मुद्दा तोच आहे. रिकामी कॅसेट मिळायला लागली. लाल बटण दाबलं की आपला आवाज भरता यायला लागला. गावच्या सप्त्यातलं कीर्तन, भजनाची बारी, जत्रेतला कलगी-तुरा, लग्नातल्या बायकांची गाणी, पोतराजाची हलगी, सगळं लोकांनी हौसेनं भरून ठेवलं. ही रेकॉर्डिंग कुठल्या कंपनीनं काढली नाहीत. त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. दुर्मिळ रेकॉर्डिंग म्हटलं की आपल्याला शहरातल्या संग्राहकाचं कपाट आठवतं. पण खरी दुर्मिळ चीज तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. बार्शीचे शाहीर अमर शेख १९६९ साली गेले. पंढरपूरला जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या. त्यांची कीर्ती मोठी, म्हणून त्यांचं काही ना काही जपलं गेलं. तुमच्या गावच्या बुवांचं कोण जपणार?

माझी चूक

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःचं सांगतो. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. घरी गिरणीचं पीठ यायला लागलं तरी सणाला पुरणाची डाळ भरडताना तिचा आवाज यायचाच. माझ्या मामानं एकदा सुट्टीत टेपरेकॉर्डर आणला आणि आजीला जात्यापाशी बसवून एक आख्खी बाजू भरली. आधी आजी लाजली, मग विसरली. मामा सांगायचा, अर्ध्या तासात तिनं एकही ओवी पुन्हा म्हटली नव्हती.

मी सातवीत होतो तेव्हा रेडिओवरची सिनेमाची गाणी भरायला मला कॅसेट हवी होती. कपाटात एक सापडली. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी बटण दाबलं.

आजी २००६ साली गेली. दिवसकार्य झाल्यावर आईनं ती कॅसेट मागितली. लावली तर त्यावर सिनेमाची गाणी. आई मला काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. शेवटी एका गाण्याच्या नंतर चार-पाच सेकंद मोकळी फीत राहिली होती. तेवढ्यात जात्याची घरघर ऐकू येते. आजीचा आवाज नाही.

मित्रांनो, कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन छोटे चौकोनी कान असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, बटणच दबत नाही. एवढी एक गोष्ट आमच्या घरात कुणाला माहीत असती, किंवा कॅसेटवर एक ओळ लिहिलेली असती, तर आजी राहिली असती.

ज्यांनी वेळेवर काम केलं

आजीच्या ओव्या गेल्या, पण अशा ओव्या जपण्याचं काम महाराष्ट्रात झालंय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं बायकांचे आवाज टेपवरही भरले. पॉइतव्हँ २००४ साली आणि हेमाताई २०१० साली गेल्या, पण काम राहिलं. २०१७ पासून हा ठेवा 'पारी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेनं लोकांसमोर आणायला सुरुवात केली. ओवी, तिचा अर्थ, बाईचं नाव आणि गाव सगळं सोबत दिलेलं. मोबाईलवर कुणीही ऐकू शकतं.

ऐकलंत तर एक गोष्ट ध्यानात येईल. तीच ओवी एका गावची बाई एका चालीत म्हणते, दुसऱ्या गावची दुसऱ्या चालीत. भावाच्या ठिकाणी लेक येतो, नदीचं नाव बदलतं. मूळ कुणाची ते कुणी विचारत नाही. प्रत्येकीनं ती पुन्हा गायली आणि आपली केली.

जुन्या तबकड्यांसाठीही असंच काम झालं. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था निघाली. ज्याच्याकडे जी तबकडी आहे ती त्यानं दुसऱ्याला ऐकवायची, माहिती लिहून ठेवायची, ही तिची रीत. संग्रह कुलपात ठेवून उपयोग नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

बियाण्याचा हिशेब

आता माझ्या विषयावर येतो. मालदांडी ज्वारी तुम्हाला ठाऊक आहे. एम ३५-१ हे आपलं नावाजलेलं वाण मोहोळच्या केंद्रावर इथल्याच गावरान मालदांडीतून निवडलं गेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे कशामुळे झालं? तुमच्या आज्या-पणज्यांनी कणसं निवडून बी ठेवलं आणि ते शेजाऱ्याला, पाहुण्याला, लेकीच्या सासरी वाटलं म्हणून. ज्याचं बी दुष्काळात खाऊन संपलं त्यानं शेजारच्या गावातून आणून पेरलं. एकाच घरच्या कणगीत राहिलं असतं तर एका वर्षाच्या सोंड्यानं संपवलं असतं.

आवाजाचंही तसंच आहे. टेप म्हणजे साठवलेलं बी. ते चांगलं राखलं पाहिजे. पण नुसतं राखून भागत नाही, कारण साठवलेल्या बियाची उगवण दरवर्षी घटत जाते. कुणीतरी ते पेरलं पाहिजे. म्हणजे त्या टेपवरचा अभंग, ओवी, पोवाडा कुणातरी पोरानं शिकून पुन्हा गायला पाहिजे. राम जोशींचं पेरलेलं राहिलं. खाँसाहेबांचं साठवलेलंही राहिलं आणि पेरलेलंही. माझ्या आजीचं दोन्ही गेलं.

काय करायचं ते सांगतो

एक. ट्रंक उघडा आणि कॅसेटी मोजा. ज्या घरच्या आहेत त्या वेगळ्या काढा आणि सगळ्यांत आधी त्यांचे कान मोडा.

दोन. कॅसेट लगेच लावून बघायचा मोह टाळा. अण्णांचं नुकसान त्यानंच झालं. खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती अजिबात वाजवू नका. ती जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्या. बुरशी नसली तरी आधी बिनकामाची कॅसेट लावून टेपरेकॉर्डर फीत ओढतो का ते तपासा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघतो, तसंच हे. टेपचं हेड कापसाला स्पिरिट लावून पुसा. फीत सैल असेल तर पेन्सिल घालून हळूच आवळा.

तीन. ठेवायची जागा बदला. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात ओलावतो. कोरड्या खोलीत, डब्यात, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. स्पीकर, चुंबक आणि मोटारीचा स्टार्टर यांपासून लांब ठेवा. चुंबकानं फितीवरचा आवाज पुसला जातो.

चार. आवाज संगणकावर उतरवून घ्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाला जोडतात. टेपचा आवाज निम्म्यावर ठेवायचा, जास्त झाला तर फाटतो. मोबाईल स्पीकरसमोर धरून भरू नका, कोंबड्या-कुत्री सगळी येतात. पहिली प्रत डब्ल्यूएव्ही प्रकारची करा. तासाला साधारण ६०० एमबी जागा लागते. वाटायला एमपी३ करा, ती पन्नास-साठ एमबीत बसते. तीन प्रती करा. त्यातली एक गावाबाहेर, लेकीकडे नाहीतर पुण्या-मुंबईच्या पाहुण्याकडे ठेवा.

पाच. लेबल लावा. कोण गातंय, पेटी-पखवाजावर कोण, गाव, साल, प्रसंग आणि कुणी भरलं. बियाण्याच्या पिशवीला लेबल नसेल तर तुम्ही घेत नाही. आवाजाला का नको? आणि हे आत्ताच करा. आवाज ओळखणारी माणसं सत्तरी-ऐंशीची आहेत. ती गेली की टेप राहील, पण कुणाची ते सांगायला कोणी राहणार नाही.

सहा. हक्काचं भान ठेवा. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये ज्यांचा आवाज आहे त्यांना, ते नसतील तर घरच्यांना विचारून मगच चारचौघांत द्या. कंपनीच्या कॅसेटी इंटरनेटवर चढवू नका. कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६४ किंवा त्याआधी निघालेल्या तबकडीवरचा तो हक्क संपलेला आहे. कवी-संगीतकारांचा हक्क मात्र वेगळा, तो त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. दुसऱ्याचं गाणं नव्यानं भरून विकायचं असेल तर मूळ गाण्याला पाच वर्षं झालेली असावी लागतात, आधी सूचना आणि मानधन द्यावं लागतं. धार्मिक कार्यात आणि लग्नाच्या वरातीत गायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. चोखोबांच्या शब्दांवर तर सगळ्यांचाच हक्क.

ग्रामसेवक, सरपंच, गुरुजी यांना विनंती

यासाठी फार निधी लागत नाही. ग्रामपंचायतीत संगणक आहे, शाळेत आहे. एक वायर आणि एक चालू टेपरेकॉर्डर एवढंच लागतं. सप्त्याच्या आधी दवंडी द्या की ज्यांच्याकडे घरच्या कॅसेटी आहेत त्यांनी एक दिवस घेऊन याव्यात. एका वहीत नोंद करा, आवाज उतरवून घ्या आणि कॅसेट ज्याची त्याला परत द्या. परत देणं महत्त्वाचं, नाहीतर पुढच्या वेळी कुणी आणणार नाही. संध्याकाळी देवळासमोर सगळ्यांना ऐकवा. कुणाचा आवाज कुणाचा आजा म्हणून ओळखतील ते बघा.

सोलापूर जिल्हा एका भाषेचा नाही. अक्कलकोटकडे कानडी भजनं आहेत, शहरात विणकरांच्या घरी तेलुगू गाणी आहेत. सिद्धरामेश्वरांची वचनं कानडीत आहेत. तीही उतरवा. भाषा कुठलीही असो, फीत सारखीच कुजते.

अण्णांच्या कॅसेटचं काय झालं

त्या रात्री मी ती गुंडाळलेली फीत बोटानं, ओढाताण न करता सोडवली. अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी सोलापूरला एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्यांनी फीत नव्या कॅसेटीच्या खोक्यात घातली आणि आवाज उतरवून दिला. एकूण ४१ मिनिटं वाचली. जिथं फीत चुरगळली तिथं सहा-सात सेकंद थोरल्या बुवांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. ते दुरुस्त होण्यासारखं नाही, तसंच ठेवलंय.

ती ४१ मिनिटं अण्णांनी कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकली. दोन अभंगांच्या मध्ये मागून एक बाई म्हणते, "दिवा जरा वर करा." अण्णा थांबले. म्हणाले, "ही आमची आई." तिचा आवाज कॅसेटवर आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आगटीपाशी 'हे पिक्चरमधलं' म्हणणारा तो पोरगा आता अण्णांकडे येऊन बसतो. बालगंधर्वांची तबकडी, सिनेमातलं गाणं आणि थोरल्या बुवांची कॅसेट, तिन्ही त्यानं मोबाईलवर एकाखाली एक ठेवली आहेत. परवा त्याचं ऐकलं. चाल बुवांची धरतो, पण शेवटचा उंच सूर अजून त्याला पेलत नाही. अण्णा म्हणाले, "येईल. आमच्या थोरल्यालाबी आधी येत नव्हता."

येत्या सप्त्यात तो म्हणणार आहे. अण्णांनी टेपरेकॉर्डर झाडून ठेवलाय आणि मला रिकामी कॅसेट कुठे मिळेल ते विचारलंय. मी सांगितलं, मोबाईलवर भरू. पण दुसऱ्याच दिवशी वही मात्र आणून दिली. पहिल्या पानावर गाणाऱ्याचं नाव, पखवाजावर कोण, गाव, साल आणि प्रसंग यांचे रकाने आखलेत. भरायचे तेवढे राहिलेत.

तुमच्या ट्रंकेत काय आहे?